रंग : गव्हाळ

माझ्या बायोडाटात ‘रंग’ या शब्दापुढे ‘गव्हाळ’ असं लिहिलेलं होतं. लिहिलं होतं आईनं, स्वतःच्या हातानं, ओळीवरून जराही न घसरणाऱ्या अक्षरात. आमच्या वावराच्या एका तुकड्यात दरवर्षी गहू असतो. तो पेरताना, कापताना, निवडताना मी पाहिलेला आहे. त्याचा आणि माझा रंगाच्या बाबतीत काही संबंध नाही. असलाच तर तो ज्या जमिनीत उगवतो तिच्याशी आहे. पण जमिनीचं वेगळं असतं. आमच्याकडे सोयरीक करायला आलेले लोकसुद्धा आधी वावर पाहतात, ढेकूळ हातात घेऊन फोडतात आणि काळी आहे, कसदार आहे म्हणून माना डोलावतात. मग हात धुऊन घरात येतात, आणि मुलीकडे पाहून गप्प बसतात.

बायोडाटाला फक्त फोटो लावायचा बाकी होता. तो सेलूच्या स्टुडिओत काढायचा, हे न बोलता ठरलेलं होतं, कारण तिथले काका फोटो ‘साफ’ करून देत. साफ करणं म्हणजे कॉम्प्युटरवर चेहरा उजळवणं. हिंगणीपासून सेलूपर्यंतच्या कितीतरी घरांत ज्या मुली भिंतीवर आहेत, त्या या एकाच माणसाच्या हातच्या आहेत, आणि त्यामुळे सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. माझ्या चुलतबहिणीचा असाच फोटो एका घरी गेला होता. पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि निघताना अंगणात चपला घालत एकजण दुसऱ्याला म्हणाला, “फोटोतली कुठं आहे मंग?” ती आत दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. तिच्या शेजारी मी होते, मीही ऐकलं. माझ्या नावावर दुसरी कोणी बाई लोकांच्या घरी जाणार नाही, हे मी तिथंच ठरवलं. ठरवणं सोपं होतं. आईला सांगायचं होतं, आणि त्यापेक्षा बोर धरणाचं दार हातानं उचलणं सोपं होतं.

तेव्हा मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याच हिवाळ्यात गावात एक संस्था आली. संस्था म्हणजे एक जीप, एक ताई आणि तिच्या पिशवीतले सहा छोटे कॅमेरे. काळ्यासावळ्या मुलींनी स्वतःच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायचे, त्यातून आपल्याला बरं कधी वाटतं आणि वाईट कधी वाटतं ते शोधायचं, असा तिचा उपक्रम होता. कल्पना वाईट नव्हती. अडचण मुली जमवण्यात आली. ताई शहरातली, सरळ स्वभावाची. ती दारोदार जाऊन विचारायला लागली, “तुमच्याकडे काळी मुलगी आहे का?”

दोन दिवसांत तिला गावात एकही काळी मुलगी सापडली नाही. या घरातली गव्हाळ होती, त्या घरातली निमगोरी, तिसऱ्या घरातली मूळची गोरीच, पण कावीळ झाल्यापासून जरा उतरलेली. एका बाईनं तर ताईला बसवून चहा दिला आणि सांगितलं, “आमच्याकडे नाई बाई. समोरच्या घरी विचारा.” समोरच्या घरातून तिला परत इकडंच पाठवलं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शहाणपणानं तिला सुचवलं, की ‘फोटो शिकायचे कोणाला’ असं विचारा. तासाभरात आम्ही सात जणी शाळेच्या वऱ्हांड्यात बसलेलो होतो, आणि ताई आमच्याकडे पाहत होती. तिला जे हवं होतं ते सगळं समोर होतं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला थोडा टोचलाच.

पहिल्या दिवशी तिनं फळ्यावर ‘वेलबीइंग’ असं लिहिलं आणि त्याचं मराठी करायचा प्रयत्न केला. स्वास्थ्य, सुस्थिती, मनाचं आरोग्य असे दोनतीन शब्द झाले.

“म्हंजे बीपी?” माझ्या मैत्रिणीनं विचारलं.

ही मैत्रीण जंगलाच्या बाजूच्या वस्तीतली. घरी आईशी गोंडीत बोलायची, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि बकऱ्यांशी कशात बोलायची ते बकऱ्यांनाच ठाऊक. आमच्या सातजणींत ती सगळ्यात काळी होती आणि रंगाचा विषय निघाला की सगळ्यात आधी तीच बोलायची, म्हणजे दुसऱ्या कोणाला संधी मिळत नसे.

“बीपी नाही ग,” ताई म्हणाली. “तुला बरं कधी वाटतं?”

“सारे घराबायर गेले का.”

“तेच काढ मग,” ताई म्हणाली. एवढ्या एका उत्तरासाठी मी तिला पुढचं बरंच काही माफ केलं.

सहा कॅमेरे, सात मुली. मी आणि मैत्रीण एका कॅमेऱ्यात दोघी होतो. आमच्यापैकी तिघींकडे फोन होते, पण ते घरातल्या सगळ्यांचे होते. शिवाय फोनचं एक वेगळंच. आमच्या फोनला कोणी काही सांगितलेलं नसतानाही तो स्वतःच्या मनानं आम्हाला दोन छटा उजळ काढत असे. स्टुडिओतल्या काकांनी निदान ते शिकून घेतलं होतं. कॅमेरे जुने होते, एकाच्या काचेवर ओरखडा होता, पण समोर जे असेल ते काढत आणि त्यावर मत देत नसत.

आठवडाभर आम्ही गावभर कॅमेरे घेऊन हिंडलो. कोणी किराणा दुकानात तोरणासारख्या लटकणाऱ्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या पुड्यांचा फोटो काढला. एकीनं शाळेच्या गॅदरिंगचा जुना ग्रुप फोटो जमिनीवर ठेवून त्याचाच फोटो काढला. त्यात पुष्पगुच्छ द्यायला पुढं काढलेल्या चौघी गोऱ्या होत्या आणि मागच्या रांगेत फक्त डोळे नि दात दिसणाऱ्या आम्ही. एकीनं पावडर लावल्यावरचा स्वतःचा अर्धा चेहरा काढला आणि खाली लिहिलं, ‘राखेतून काढलेलं वांगं’. हे तिला तिच्या काकूनं म्हटलं होतं. ताईला त्या ओळीवर चर्चा घ्यायची होती. ती मुलगी म्हणाली, “चर्चा नको, फोटो मोठा करा.” मैत्रिणीनं स्वतःच्या काळ्या बकरीला मांडीवर घेऊन फोटो काढवून घेतला. कॅमेरा माझ्या हातात होता. दोघीही माझ्याकडे सारख्याच तुच्छतेनं पाहत होत्या.

माझा फोटो सगळ्यात शेवटी झाला, कारण मला काय काढायचं ते ठाऊक होतं आणि तसं करायची हिंमत होत नव्हती.

आमच्याकडे मुली बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ बांधतात. पार डोळ्यांपर्यंत. उन्हाळ्यात ऊन म्हणून, पावसाळ्यात वारं म्हणून, हिवाळ्यात सवय म्हणून. एसटीत बसलेल्या दहा मुलींपैकी कोण कोण आहे हे त्यांच्या आयांनाही बॅगेवरून ओळखावं लागतं. माझ्या आईचा नियम त्याहून कडक होता. अकरा ते चार मी उंबरा ओलांडायचा नाही, कॉलेज सोडून. आणि कॉलेजला जाताना स्कार्फ स्टॉपवर पोचेपर्यंत सुटता कामा नये. ती स्वतः त्याच वेळात वावरात कापूस वेचत असे. “माहं आता काय ऱ्हायलं,” म्हणे. वयाच्या अकराव्या वर्षापासून मी दुपार पाहिली ती खिडकीतून. धुंधुरमासातलं, अंगाला हवंहवंसं वाटणारं ऊन अंगणात पडलेलं असे आणि त्यात आमची मिरची आणि तूर वाळत असे. मला मिरचीचा हेवा वाटे.

म्हणून एका दुपारी कॉलेज बुडवून मी मैत्रिणीबरोबर कालव्यावर गेले. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. मी स्कार्फ काढून बॅगेत टाकला, केस सोडले, पाय पाण्यात घातले. कॅमेरा समोरच्या दगडावर ठेवला. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो निघायची सोय त्यात होती. आधीच्या चारपाच फोटोंत माझी पळती पाठ आली. एकात नुसता कालवा आला. मैत्रीण काठावर लोळून हसत होती.

“काढून देऊ का वं मी?”

“नको. माहा मलेच काढू दे.”

पुढच्या फोटोत मी जागेवर पोचले होते. ऊन अगदी डोक्यावर होतं. डोळे बारीक झालेले, तोंड उघडं, हसता हसता काहीतरी बोलताना निघालेलं. कपाळ चकाकत होतं. गळ्याचा आणि चेहऱ्याचा रंग एकच होता, हे मला माझ्याबद्दल पहिल्यांदाच कळलं. आजवरच्या प्रत्येक फोटोत पावडर हनुवटीपाशी संपत असे. मी तो लहानसा पडदा तळहाताच्या सावलीत धरून बराच वेळ पाहिला. ही मुलगी मला आवडली. तिला कोणाच्याही घरी पाठवायला माझी हरकत नव्हती.

प्रदर्शन रविवारी होतं. शाळेच्या वऱ्हांड्यात दोरी बांधून फोटो चिमट्यांनी लावायचे, वर्ध्याहून प्रमुख पाहुणे येणार, हार, दीपप्रज्वलन, सगळं रीतसर. ताईनं फोटो पेनड्राइव्हवर घालून सेलूच्या स्टुडिओत मोठे करायला दिले होते. जवळ दुसरं दुकान नव्हतं, आणि तिला कोणी काही सांगितलंही नव्हतं. खरं तर आम्हालाही सुचलं नाही. काका लग्नाचे फोटो साफ करतात, हे आम्हाला पाठ होतं. हे लग्नाचे नाहीत एवढ्यावर आम्ही बिनधास्त राहिलो.

शनिवारी दुपारी मी आणि मैत्रीण फोटो आणायला गेलो. काका आमची वाटच पाहत होते. त्यांनी दोन्ही हातांनी पाकीट पुढं केलं.

“दोन दिवस दुसरं कोणतं काम नाई घेतलं,” ते म्हणाले. “एकेका चेहऱ्यावर बसलो. गावच्या पोरी आहे म्हटलं, वर्ध्याचे लोक येऊन राह्यले, आपल्या पोरी कमी नाई दिसल्या पाह्यजे. वरचं सारं फुकट.”

मी पाकिटातून फोटो काढले. फोटोंत होत्या तेवढ्या सगळ्या जणी गोऱ्या झालेल्या होत्या. नुसत्या गोऱ्या नव्हे, गुलाबी. पावडरवाल्या फोटोतला राखाडी चेहरा लोण्यासारखा झाला होता, त्यामुळे खालच्या वांग्याच्या ओळीला काही अर्थच उरला नव्हता. आणि मी. कालव्याच्या काठावर, माझ्या कपड्यांत, माझे पाय पाण्यात घालून, काकांची नेहमीची मुलगी बसलेली होती. तिच्या कपाळावरचं ऊन पुसलेलं होतं.

मैत्रिणीनं स्वतःचा फोटो उचलला. तिच्या मांडीवरची बकरी जशीच्या तशी काळी कुळकुळीत होती.

“काका,” ती म्हणाली, “बकरीले काऊन सोडलं?”

“बकरीचं का लग्न करायचं आहे?” काका अगदी सहज बोलले.

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही येईल असं वाटलं, म्हणून मी काहीच केलं नाही. बाहेर येऊन ताईला फोन लावला. ती मंडपवाल्याशी बोलत होती. मी सांगितलं. तिनं फोटोंचे फोटो मागितले, ते पाहिले, आणि परत फोन केला.

“अगं, खरंच हे बरोबर नाही झालं. पण उद्या सकाळी पाहुणे येतायत. आता असू देत. आपण भाषणात मुद्दा मांडू.”

“ताई, मुद्दा फोटोतच होता,” मी म्हटलं.

मग ती म्हणाली, “तुम्हाला काही करता येत असेल तर करा.” हे तिनं प्रामाणिकपणे म्हटलं. तिच्या डोक्यावर खुर्च्यांचं, हारांचं, माइकचं ओझं होतं. कार्यक्रम एकदा ठरला की ज्यासाठी तो ठरला ती गोष्ट त्यात कुठंतरी मागच्या रांगेत जाऊन उभी राहते, हे मी नंतरही पुष्कळदा पाहिलं.

आम्ही परत आत गेलो.

“काका, जसे होते तसे काढून द्या.”

“म्हंजे?”

“म्हंजे आम्ही दिसतो तसे.”

काकांना खरंच कळेना. त्यांना वाटलं, काम कमी पडलं. “अजून साफ पाह्यजे का?”

“साफ नाई पाह्यजे. काळेच पाह्यजे.”

त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. “पोरी, हे दुकान मी तुह्या जन्माच्या आधीपासून चालवून राह्यलो. आजपर्यंत एक बाप, एक माय माह्याकडे येऊन म्हणाली नाई, का माही पोरगी काळी काढून दे. उलट हे असे फोटो दिले नं, तं लोक आणून तोंडावर फेकतात. फोटो बिघडवला म्हणतात. उद्या तुही माय येईन भांडाले, तं मी काय सांगू?”

“तिले माह्याकडे पाठवा.”

“बोलणं लय सोपं असते.”

“तुम्ही चांगल्या मनानं केलं, काका,” मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. “पण तिथं माहं नाव लागणार आहे खाली. अन् वर ही कोण बसली आहे, मले माहीत नाई.”

दुकानात काकू होत्या. काकू म्हणजे काकांची बायको. मागच्या टेबलाशी बसून पासपोर्ट फोटो कात्रीनं कापायचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्याइतक्याच काळ्या. इतकी वर्षं त्या दुकानात येऊनही मी त्यांचा आवाज फारसा ऐकला नव्हता. कात्री थांबली.

“बरोबर बोलून राह्यली ते,” त्या म्हणाल्या.

“तू काप,” काका म्हणाले.

“कापतोच आहे मी. अवो, आपल्या लग्नाचा फोटो आहे नं हॉलमधी? त्यातल्या बाईले मी आजवर भेटली नाई.” त्या आमच्याकडे वळल्या. “यायनंच रंगवला व तो, तवा हातानं रंगवत. माह्या माहेरचे पहिल्यांदा घरी आले, तं माहा भाऊ मले इचारते, बाई, भाऊजीचं पहिलं लग्न झालतं का?”

मैत्रीण इतक्या जोरात हसली की रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावून गेला. काकांनी भिंतीकडे पाहिलं. तिथंही सगळ्या त्यांच्याच मुली होत्या, पाचसात चौकटींतल्या.

“मले वाटलं तुले आवडला,” ते हळूच म्हणाले.

“तुम्ही इचारलंच कधी?” काकूंनी कात्री परत चालू केली. “करून द्या पोरीयले. सहाची गाडी आहे त्यायची.”

काका कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. मूळ फोटो पेनड्राइव्हवर जसेच्या तसे होते, पण अडचण पुढंच होती. त्यांनी छापायला दिले तरी चेहरे उजळच येऊ लागले. मशीनमध्येच उजळ करायची खूण केलेली होती आणि ती काढायची कुठून हे त्यांना आठवेना. इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती. तीन कागद वाया गेले. काका घामाघूम झाले, मशीनला शिव्या द्यायला लागले, आणि मग त्यांना एकदम जोर चढला. आपल्याला आपल्याच दुकानातली एक गोष्ट येत नाही, हे त्यांना सहन होत नसावं. पाच वाजून गेल्यावर ती खूण सापडली. पहिला फोटो बाहेर आला तो माझा.

त्यांनी तो उजेडात धरला. मग म्हणाले, “ऊन बरोबर पडलं आहे. नाकावरची रेघ पाहा. कोणं काढला?”

“मीच.”

“हं,” काका म्हणाले. त्यांच्या धंद्यात ही मोठीच दाद होती. लगेच जोडून म्हणाले, “लग्नाचा मात्र माह्याकडूनच काढजो.”

“हाच लावीन म्हणतो,” मी म्हटलं.

रविवारी रांगोळी होती, सतरंजी होती, आणि समई लावताना वाऱ्यानं विझलेल्या अर्धा डझन काड्या होत्या. दोन पाहुण्यांच्या स्वागतात तिसऱ्याचा हार संपला, तेव्हा पहिल्याचा उतरवून तिसऱ्याला घातला गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुणे भले गृहस्थ होते. दोरीवरचे फोटो त्यांनी चालता चालता पाहिले आणि भाषणाला उभे राहिले. कृष्ण काळा होता, ते म्हणाले. राम सावळा होता. कोकिळा काळी असते. कापसाची जमीन काळी असते. “तेव्हा मुलींनो, रंगाचं दुःख करू नका. रंगात काय आहे? माणसाचं मन गोरं पाहिजे!”

टाळ्या पडल्या. मैत्रीण माझ्या कानाशी लागली. “मन धुवाची पुडी निघाली का वं?”

मग आमची पाळी. प्रत्येकीनं आपल्या फोटोबद्दल दोन वाक्यं बोलायची होती. ताईनं आम्हाला वाक्यं लिहून दिली होती, त्यात ‘आत्मविश्वास’ हा शब्द दोनदा होता. माझा कागद मी घरी विसरून आले होते. मुद्दाम विसरले होते.

“हा फोटो मी काढला, दुपारी बारा वाजता, कालव्यावर,” मी माइकमध्ये म्हटलं. “यात मले बरं वाटून राह्यलं होतं. मन कोणत्या रंगाचं असते मले माहीत नाई, पण तेवढं तरी गोरं करू नका.”

मागं बाया हसल्या. पाहुण्यांनीही मान डोलावली. त्यांना ते त्यांच्याच भाषणाचं पुढचं वाक्य वाटलं असावं. मैत्रीण माझ्यानंतर उठली आणि एवढंच म्हणाली, “बकरी डावीकडची आहे.” त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं भाषण तेच होतं.

मला मात्र माइकची भीती नव्हती. आई अजून यायची होती. तिचं वेचणीचं शेवटचं वावर चाललं होतं. ती एकच्या पुढं आली, तोंड धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून. पाहुणे जेवायला बसले होते, वऱ्हांडा जवळजवळ रिकामा होता. ती एका टोकापासून एकेक फोटो पाहत आली, आणि माझ्यापाशी थांबली.

“स्कार्फ कुठं होता?”

“बॅगेत.”

“कालेजाच्या दिवशी?”

“हो.”

तिनं दोरीकडं, चिमट्याकडं, मग आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. “उतरव.”

“नाई.”

“मी का म्हणून राह्यली? सारं गाव पाहून गेलं. उतरव तो.”

“पाच वाजेपर्यंत राहीन तो, आई. अन् मंग घरी येईन. बायोडाटाले तोच लावजो.”

“अन् लोकायले का सांगू?”

“काहीच नको सांगू. फोटो पाहून ज्यायले याचं ते येतीन.”

तिनं हात वर केला. मला वाटलं ती चिमटा काढते. मी मध्ये उभी राहिले. हाताला हात लावला नाही, नुसती फोटोच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिले. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे. तो हात तिनं मग डोक्यावरचा पदर सारखा करायला नेला, आणि निघून गेली. जेवणासाठीही थांबली नाही.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. भाकर घे. दार लाव. बादली भर. फोटो मी घरी आणून फळीवर ठेवला होता, उभा. मी तो हलवला नाही, तिनंही हलवला नाही. येताजाता तिची नजर तिकडं जाई. चौथ्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलताना ती माझ्याकडं न पाहता म्हणाली,

“हसून राह्यली तू त्यात.”

“हो.”

“कोणं हसवलं?”

“कोणंच नाई. ऊन होतं.”

तिनं पुढच्या पाचसहा शेंगा सोलल्या. “घरी नाई हसत तू तशी,” म्हणाली. ती तक्रार होती की नुसतीच नोंद, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी तिनं बायोडाटाचा कागद काढला. रंगाची ओळ तिनं आधी काळजीपूर्वक खोडली.

“सावळा लिहू?”

“काळा लिही.”

“कोणी काळा लिहिते का कागदावर?”

“मंग ओळच नको ठेवू. फोटो आहे नं.”

ओळ गेली. फोटो लागला. त्याच्या प्रती सेलूहूनच काढून आणल्या, आणि मशीनची ती खूण काकांनी त्यावेळी न सांगता काढून ठेवली होती.

पहिलं घर फोटो पाहून आलंच नाही. दुसऱ्यांनी ‘मुलाला अजून शिकायचं आहे’ असं कळवलं. मुलगा तोवर दोन वर्षं नोकरी करत होता. तिसरे आले. एक काका, एक आत्या, आणि मुलगा, जो सबंध वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. आत्यांनी बायोडाटा समोर धरला होता. त्या एकदा कागदाकडे पाहत, एकदा माझ्याकडे. दोन्हीकडे तेच दिसत असल्यामुळे त्यांची पंचाईत झाली असावी. शेवटी त्यांनी आईलाच विचारलं,

“फोटो उन्हातला आहे वाटते. एरवी अशीच आहे का मुलगी?”

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“अशीच आहे,” आई म्हणाली. “उन्हाळ्यात अजून काळी दिसते. साखर किती घालू?”